तीन आकडे आधीचे नाना परब

नाना परब प्रत्येक गोष्ट तीन आकडे आधी करत. सेकंद हा शब्द त्यांना मान्य नव्हता, ते आकडे म्हणत. विनोद सांगणारा शेवटच्या वाक्याला यायच्या आत नाना हसून मोकळे झालेले असत. तुम्ही 'बसा ना' म्हणायच्या आधी ते बसत आणि 'चहा घेणार?' विचारायच्या आधी 'अर्धाच' म्हणत. लालबागच्या आमच्या चाळीत एक भजनी मंडळ होतं. त्यातून नानांना काढलं ते याच कारणासाठी. समेच्या तीन आकडे आधी नानांची टाळी पडे आणि बाकीचे पंधरा जण आपणच चुकलो असं समजून गडबडत. त्यात पेटीवर मीही असे.

ही खोड त्यांना उतारवयात लागली, दारूकामापायी. दारूकाम म्हणजे शोभेची दारू, लग्नात आणि जत्रेत उडवतात ती. आभाळातला गोळा नळकांड्यातून सुटला की वर जाऊन फुटायला तीन आकडे घेतो. ढोलाच्या ठोक्यावर तो फुटायला हवा असेल तर ठोका पडायच्या तीन आकडे आधी बत्ती द्यावी लागते. "सगळं जग उशिरा फुटतं रे पोस्टमास्तर," नाना मला सांगत, "आपण हात आधी लावायचा." मी पोस्टात तिकिटं विकणारा कारकून. निवृत्त होईपर्यंत पोस्टमास्तर झालो नाही, पण नानांनी ओळख झाल्या दिवशीच मला बढती दिली होती.

आता खरी गंमत सांगतो. संगीताच्या तालावर आभाळ पेटवणाऱ्या या माणसाला संगीत ऐकू येत नव्हतं.

नाना मूळचे साचेवाले. परळच्या एका गिरणीत त्यांनी बावीस वर्षं साचे चालवले. साचा म्हणजे माग. असे कित्येक साचे एका छपराखाली धडधडत असले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग माणसं ओठांवरून बोलणं वाचतात, बोटांनी खुणा करतात. बावीस वर्षांत नानांचे कान जवळजवळ गेले. ढोलासारखा जाडा आवाज थोडाफार पोचे, शिट्टी किंवा बासरी अजिबात नाही. पण हे कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "माका सगळा ऐकाक येता," असं ते छातीठोकपणे सांगत आणि सांगताना तुमच्या ओठांवरची नजर हलवत नसत.

त्यांची बायको शेवंताकाकी त्याच गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. त्यामुळे नवरा-बायकोचं भांडण व्हायचं ते एकही आवाज न करता. नाना गॅलरीच्या या टोकाला, काकी नळाशी त्या टोकाला. ओठ भराभर हलताहेत, बोटं नाचताहेत, मध्येच काकी पदर खोचून कपाळावर हात मारताहेत, आणि ऐकू येतोय फक्त नळ. चाळीला याचा फार राग होता. शेजाऱ्याचं भांडण डोळ्यांदेखत चाललंय आणि त्यातलं अक्षर कळत नाही, हे आमच्याकडे अन्यायात मोडत असे.

मग संप झाला. पहिले दोन महिने सगळ्यांनाच वाटत होतं, आज मिटेल, उद्या मिटेल. नंतर घराघरांतली माणसं गावाला जायला लागली. काकीही मालवणकडच्या त्यांच्या गावी निघाल्या. मूलबाळ नव्हतं, अडकायला काही नव्हतं. त्यांना नानांनीही यावं असं वाटत होतं. नानांनी ऐकलं नाही. पंधरा दिवसांत गिरणी सुरू होईल, मग मीच तुला बोलावतो, म्हणाले. जाताना काकी गॅलरीत उभ्या राहून जे काही म्हणाल्या, ते नानांनी मला नंतर सांगितलं. "गिरणीचा भोंगा वाजला की कळवा. त्याच्या आधी नको."

भोंगा काही वाजला नाही.

नानांची पत्रं मीच लिहीत असे आणि काकींची उत्तरं मीच वाचून दाखवत असे. नानांच्या पत्रात आंबे, शेजाऱ्यांची आजारपणं, पाण्याची वेळ. काकींच्या पत्रात गाय, ओटीवरचं छप्पर आणि शेवटी एकच प्रश्न, भोंग्याचं काय झालं. पुढे नानांना दारूकामाचं काम लागलं तेव्हा मी ते हौसेनं पत्रात लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, आगीशी खेळणाऱ्याच्या घरात मी पाऊल ठेवणार नाही. मी म्हटलं, नाना, सरळ लिहू या की, ये म्हणून. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "तुझ्या अक्षरात मी माझ्या बायकोला कसा बोलवू? ती काय तिकीट घ्यायला आलीय?" पुढे म्हणाले, "आमचा बोलणा डोळ्यांचा. ते कागदावर उतरत नाही."

अशी आठ वर्षं गेली. नाना खानावळीत जेवत आणि खोलीत एकटे राहत.

काम दिलं होतं मन्सूरभाईंनी. दारूकाम हा त्यांच्या घरचा पिढीजात धंदा, माल ठेवायची गोदामं शिवडीला. नाना तिथे आधी पेट्या उचलत. एका लग्नात बँडबरोबर गोळे सोडणारा माणूस आजारी पडला आणि नानांनी बँडच्या मोठ्या ढोलाच्या लाकडावर डावा तळवा ठेवून उजव्या हातानं बत्त्या दिल्या. एकही गोळा ठोका सोडून फुटला नाही. "ये आदमी नहीं, घड्याळ है," मन्सूरभाई मला म्हणाले होते. नानांना घड्याळ म्हटलेलं आवडलं नाही. ते स्वतःला साचाच समजत.

कारण नाना संगीत कापडासारखं पाहत. स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवून, डोळे मिटून ते एखादं गाणं चाचपत आणि निकाल देत. "हे बारीक सुताचं आहे, जपून घ्यायला लागेल." "हे मांजरपाट, कसंही आपटा." चांगला तबलजी घाई करायला लागला की त्यांचा चेहरा आंबट होई. "धागा तुटला बघ." मी पेटी वाजवत असताना त्यांनी ती फूटभर अंतरावरून एकदाच चाचपली आणि काही बोलले नाहीत. त्या मौनाबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

आणि मन्सूरभाईंना परदेशातून बोलावणं आलं. समुद्रकाठचं एक शहर, तिथे देशोदेशीच्या दारूकामवाल्यांची स्पर्धा. प्रत्येकानं आपलं संगीत आणायचं आणि त्याच्या तालावर आभाळ रंगवायचं. त्या शहराचं नाव नानांना शेवटपर्यंत घेता आलं नाही. ते 'तिथे' एवढंच म्हणत आणि हात दक्षिणेकडे करत. शहर दक्षिणेला नव्हतं.

संगीत कोणाचं न्यायचं यावर मन्सूरभाईंच्या डोक्यात मोठमोठी नावं होती. नाना म्हणाले, "आमच्या मंडळाचं." ज्या मंडळानं हाकललं त्याचंच. पखवाज, टाळ, लेझीम आणि नाइलाजानं माझी पेटी, असा आमचा गजर एका रविवारी सकाळी माझ्याच खोलीत टेपवर घेतला. पंधरा मिनिटं सगळं सुरळीत झालं, फक्त मध्ये एके ठिकाणी शेजारच्या कुकरची शिट्टी टेपवर आली. चांगली लांबलचक.

मी नानांना ती जागा दाखवली. त्यांना शिट्टी ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा घेऊ या. त्यांनी माझ्या ओठांवरून 'कुकर' हा शब्द वाचला आणि टेपवर तळवा टेकवला. "रवांदे," म्हणाले, म्हणजे राहू दे. "घरात शिट्टी असायला हवी." त्या जागी त्यांनी मन्सूरभाईंकडून किंचाळत वर जाणारा एक चंदेरी बाण करून घेतला.

दुसरी मागणी मात्र विचित्र होती. गजर संपायच्या जरा आधी टेपवर बारा आकडे काहीच नको. पूर्ण शांत. मन्सूरभाईंनी स्पर्धेचे नियम आणून माझ्याकडून नानांना वाचून दाखवले. संगीत आणि आतषबाजी यांची जोडी तुटली की गुण कापले जातील, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नाना म्हणाले, "सूत संपलेला धोटा बदलायला साचा थांबवावाच लागतो." वर त्यांनी आवाज न करता फुटणारे पाच गोळे मागितले. चार पांढरे, एक तांबडा. कशाला, ते सांगितलं नाही. मन्सूरभाईंनी डोक्याला हात लावला, पण त्यांच्याजवळ दुसरा नाना नव्हता.

पुढचं मन्सूरभाईंकडून कळलं. विमानात नानांनी भिंतीला तळवा लावला आणि हवाईसुंदरीला बोलावून मराठीत सांगितलं की, उजवीकडचा साचा गरम झालाय, मुकादम जॉबरला कळव. तिनं त्यांना संत्र्याचा रस दिला. स्पर्धेच्या जागी बाकीच्यांकडे ताल मोजून देणारी यंत्रं होती. तिथल्या लोकांनी नानांनाही कानाला लावायचं एक साधन दिलं, नानांनी ते गुडघ्याला लावलं. पुढ्यात खिळे ठोकलेली फळी, एकेका खिळ्याला एकेका नळकांड्याची वायर. डावा हात स्पीकरच्या खोक्यावर आणि उजव्या हातातली सळई खिळ्यांवरून अशी पळत होती, मन्सूरभाई म्हणाले, की आजूबाजूचे कारागीर आपलं काम सोडून नानांच्या हाताकडे बघत उभे राहिले. नंबर दुसरा आला. त्या रिकाम्या बारा आकड्यांचे गुण कापले, नाहीतर पहिला होता. परीक्षकांनी एका अनोळखी भारतीय वाद्याची मात्र खास तारीफ केली. ते वाद्य म्हणजे कुकर.

"बारा सेकंड के लिए पयला नंबर गया, नाना," मन्सूरभाई परत आल्यावर चाळीत बसून हळहळत होते. नानांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "नंबरासाठी थांबलो नव्हतो, भाई."

मला तेव्हा थोडंसं कळलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नानांना न विचारता काकींच्या पत्त्यावर पत्र धाडलं. माझ्या अक्षरात, माझ्या नावानं. 'काकी, नानांच्या कामाची व्हिडिओ कॅसेट आली आहे. पुढच्या रविवारी चाळीत लावणार आहोत. भोंगा वाजलेला नाही. तरी एकदा बघून जा.'

रविवारी दुपारी गॅलरीत टीव्ही मांडला. उजेड अडवायला कठड्यावर गोधड्या टाकल्या. पुढे पोरं, मागे बायका, मध्ये जुने साचेवाले. कॅसेट घालणार इतक्यात जिन्याशी काकी उभ्या राहिल्या, हातात पिशवी आणि फणस. केस पांढरे झाले होते. नानांनी त्यांना पाहिलं आणि ते जागचे उठले नाहीत. काकी खांबाला टेकून बसल्या, पिशवी मांडीवर तशीच.

कॅसेट सुरू झाली. आमचा पखवाज सुरू झाला आणि त्या परक्या समुद्रावर प्रत्येक थापेसरशी एकेक फूल उमलायला लागलं. लेझीम आली तशी सोन्याची लड पाण्यावरून धावली. माझी पेटीसुद्धा त्या उजेडात बरी वाटत होती. कुकरच्या शिट्टीवर चंदेरी बाण गेला तेव्हा चाळ हसली. नाना टीव्हीकडे पाठ करून बसले होते. ते काकींकडे बघत होते.

मग सगळं थांबलं. टेप गप्प, आभाळ काळं. कोणीतरी म्हणालं, बिघडली वाटतं कॅसेट.

काळोखात दोन पांढरे तारे फुलले, आवाज नाही. विझले. एक तांबडा. विझला. पुन्हा दोन पांढरे.

मध्ये बसलेल्या साचेवाल्यांपैकी एकजण हळूच म्हणाला, "अरे, डबो ठेवलो म्हणता तो."

दोन बोटं, मूठ, दोन बोटं. जेवणाच्या सुट्टीत काकी साचेखात्याच्या दारात येऊन ही खूण करत. डबा ठेवलाय, गरम आहे तोवर या. बावीस वर्षं सगळ्या खात्यानं ती पाहिली होती, तिच्यावरून नानांची थट्टा केली होती. मीच एकटा अडाणी. शेजारच्यानं मला ते समजावलं तोवर टीव्हीवर शेवटचा गजर सुरू झाला होता, पण तो कोणी बघत नव्हतं. सगळे काकींकडे बघत होते.

काकींनी पदरानं डोळे पुसले आणि उजवा हात उघडा करून वर धरला. ती नानांची जुनी खूण होती. आलो. या वेळी, आले.

मग त्यांचे ओठ भराभर हलले, बोटं नाचली आणि नाना आठ वर्षांनी खळखळून हसले. मी विचारलं, काय म्हणाल्या? नाना म्हणाले, "तांबड्याला उशीर झाला म्हणता."

दुसऱ्या दिवशी कामावर निघालो तेव्हा नाना त्यांच्या खोलीच्या बाहेर उभे होते. चहा नाही, विडी नाही, नुसता तळवा लाकडी भिंतीवर टेकवलेला. आतून फोडणीचा वास येत होता. मला बघून त्यांनी दुसरा हात वर केला, म्हणजे थांब. मी थांबलो.

"आली बघ," नाना म्हणाले.

मी मनात तीन मोजले आणि आत कुकरची शिट्टी झाली.