हातभर अंतर

जलवितरण मंडळाच्या मुख्य इमारतीमागे एक गोल्फचं मैदान होतं आणि मंडळाचे सगळे महत्त्वाचे निर्णय तिथेच होत असत. इमारतीत बैठका व्हायच्या, चहा व्हायचा, पंखे फिरायचे. पण कोणाला कुठल्या खुर्चीत बसवायचं आणि कोणाला कुठल्या खुर्चीतून उठवायचं, हे हिरवळीवर ठरायचं. शहरात पाणी दिवसाआड येत असे. मैदानावर ते रोज येत असे, कारण गवताला दिवसाआडची सवय लावणं शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही, असं मंडळाच्या तज्ज्ञांचं मत पडलं होतं. माणसांच्या बाबतीत तज्ज्ञांना कोणी विचारलं नव्हतं.

अशा या मंडळात मीटर विभागाचे उपप्रमुख सध्या काळजीत होते. विभागाचे प्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर हक्क म्हणावा तर उपप्रमुखांचाच होता. मीटर का अडकतं, उलटं का फिरतं, पाणी नसताना नुसत्या हवेवर का पळतं, हे त्यांच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. पण तो काही निकष नव्हता. निकष होता वार्षिक सामना. जो प्रमुख व्हायचा, त्याने त्या दिवशी अध्यक्षांसोबत खेळायचं आणि अध्यक्षांनी त्याच्यात नेतृत्वगुण पाहायचे, अशी पद्धत होती.

उपप्रमुखांचा लांबचा फटका झकास होता. अध्यक्षसुद्धा 'वा' म्हणायचे. घोडं अडायचं ते शेवटी. चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर पोचला, होल हातभर अंतरावर आला, आता नुसतं अलगद ढकलायचं बाकी राहिलं, की उपप्रमुखांचे हात लटलट कापायला लागत. या अलगद ढकलण्याला पट म्हणतात, आणि उपप्रमुखांचा पट कधी होलच्या अलीकडेच बसकण मारायचा, तर कधी त्याला वळसा घालून पलीकडे निघून जायचा.

सरावाच्या एका खेळात हे अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत घडलं. अध्यक्षांनी वाकून चेंडूकडे पाहिलं. मग म्हणाले, "उपप्रमुख, तुमच्यात क्षमता आहे. आत्मविश्वास नाही."

"आहे साहेब," उपप्रमुख म्हणाले.

"बघा, किती हळू बोललात."

शेजारच्या देयक विभागाचे उपप्रमुख, ज्यांना सगळं मंडळ पाठीमागे होयबा म्हणत असे, ते लगेच म्हणाले, "फारच हळू बोलले साहेब." होयबांचाही त्या खुर्चीवर डोळा होता.

त्या दिवसापासून उपप्रमुखांची झोप उडाली. त्यांनी एका आत्मविश्वास मार्गदर्शकाला गाठलं. मार्गदर्शकांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरली नव्हती, आणि त्यामुळेच आपली दृष्टी स्वच्छ आहे असं त्यांचं म्हणणं होतं.

"तुम्ही पट मारताना कुठे बघता?" त्यांनी डोळे मिटून विचारलं.

"होलकडे."

"तिथेच चुकतंय. होल म्हणजे काय? पोकळी. अभाव. अभावाकडे बघून आत्मविश्वास येईल का? यापुढे होलकडे बघायचं नाही. होल आहे हेच मान्य करायचं नाही."

"पण मग चेंडू कुठे मारायचा?"

"हा प्रश्न भीतीतून आलाय," मार्गदर्शक म्हणाले आणि त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

होल मान्य न करता मारलेला उपप्रमुखांचा पट दुसऱ्या दिवशी थेट वाळूच्या खड्ड्यात गेला. ही बातमी वरपर्यंत पोचली आणि अध्यक्षांनी ती फार मनावर घेतली. मंडळाच्या अधिकाऱ्याचा आत्मविश्वास ही मंडळाची मालमत्ता आहे आणि मालमत्तेची अशी गळती होऊ देणं बरं नव्हे, असं त्यांनी सांगितलं. पाइपांची गळती शोधणारी समिती तशी रिकामीच बसून होती. तिच्याकडे हे काम सोपवलं गेलं.

समितीने कधी नव्हे ती झटपट तपासणी केली. तिला आढळलं, की चेंडू होलमध्ये गेला नाही की अधिकाऱ्यांचा आत्मविश्वास कमी होतो. सबब, आत्मविश्वास वाढवायचा तर चेंडू न जाण्याचं प्रमाण कमी केलं पाहिजे. या खेळात एक जुनी रीत आहेच. चेंडू होलच्या अगदी काठाशी असला, की समोरचा खेळाडू मोठ्या मनाने 'दिला' म्हणतो आणि मग तो चेंडू न मारताच आत गेला असं धरतात. समितीने या रीतीला शिस्त लावली. कारकुनाचा चेंडू प्रत्यक्ष आतच गेला पाहिजे. उपप्रमुख दर्जाच्या अधिकाऱ्याला वीतभर अंतरावरून 'दिला' म्हणता येईल. प्रमुखांना हातभर अंतरावरून. अध्यक्षांच्या बाबतीत चेंडू ग्रीनवर असणं पुरेसं मानावं, आणि ग्रीनची हद्द कुठे संपते हे अध्यक्षांनी ठरवावं. 'दिला' हा शब्द मात्र समोरून खेळणाऱ्यानेच उच्चारायचा, कारण हल्ली होयबा अध्यक्षांनी काठी उचलायच्या आधीच तो उच्चारत असत आणि त्यामुळे खेळातली उत्कंठा कमी होत होती.

उपप्रमुखांनी हे नियम नीट ऐकले. वीतभर अंतरावर त्यांना काही अडचण नव्हतीच. हात कापायचे ते हातभर अंतरावर. तिथून 'दिला' म्हणवून घ्यायचं तर आधी प्रमुख व्हायला हवं होतं, आणि प्रमुख व्हायचं तर आधी तिथून चेंडू आत घालायला हवा होता. त्यांनी ही अडचण समितीपुढे मांडली. समितीने ती अतिशय महत्त्वाची असल्याचं सांगून त्यांचे आभार मानले.

योजना मात्र मंडळात भलतीच यशस्वी झाली. सगळ्यांचा आत्मविश्वास नुसता उतू जाऊ लागला आणि अर्थातच तो मैदानापुरता राहिला नाही. टेकडीवरच्या वस्तीत नवी पाइपलाइन टाकायचं काम चाललं होतं. ती टाकीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. बांधकाम विभागाचे प्रमुख स्वतः पाहायला गेले, पाइपच्या तोंडाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि प्रसन्नपणे म्हणाले, "दिली." वस्तीतली एक बाई कळशी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, पण पाणी खाली सांडतंय." प्रमुख तिला समजावत म्हणाले, "बाई, जरा सकारात्मक बघायला शिका."

उपप्रमुख इकडे घरी सरावाला लागले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरून तिच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवायचा आणि हातभर अंतरावरून चेंडू पेल्यात घालायचा. आश्चर्य म्हणजे घरी एकही पट चुकत नव्हता. पेल्याजवळच्या खुर्चीत आई वाती वळत बसलेली असायची. चेंडू पेल्यात गेला की ती "गेला गं बाई!" म्हणायची आणि उपप्रमुखांची छाती फुगायची. मैदानावर गेलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"घरी बरोबर जातो, तिथेच काय होतं कळत नाही," ते एकदा बायकोला म्हणाले.

बायको शाळेत गणित शिकवत असे. चुकीच्या रीतीने बरोबर आलेलं उत्तर तिला मुळीच खपत नसे. ती म्हणाली, "सांगू का? वाईट वाटून घेणार नसाल तर सांगते."

"सांग की."

"सासूबाईंच्या पायाकडे बघा."

उपप्रमुखांनी पाहिलं. आईने पाय झटकन लुगड्यात ओढून घेतला, पण पेला अजून डुगडुगत होता. चेंडू जिकडे येईल तिकडे पेला सरकत होता, आणि हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे.

"आई!" उपप्रमुख ओरडले.

"ओरडायला काय झालं?" आई म्हणाली. "जातोय ना तुझा चेंडू? शाळेत धावायच्या शर्यतीत शेवटची दोरी कोणी धरली होती? मीच. तू दमलास की दोरी घेऊन मीच चार पावलं पुढे यायची. तेव्हा बक्षीस घेतलंस ते बरं आठवत नाही!"

उपप्रमुख मटकन सतरंजीवर बसले. ती शर्यत त्यांच्या आयुष्यातला एकमेव पराक्रम होता आणि तो त्यांनी अनेक मुलाखतींमध्ये सांगितला होता. त्यांना रडू आवरेना. आईलाही वाईट वाटलं. ती वाती बाजूला ठेवून त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

बायकोने पेला उचलला आणि भिंतीला टेकवून पक्का ठेवला. "आता मारा," ती म्हणाली.

"चुकेल."

"चुकू दे. मी काही साहेब नाही."

चुकला. दुसरा चुकला. त्यानंतरचे कितीतरी चुकले. चेंडू कपाटाखाली जायचा, आई काठीने बाहेर काढून द्यायची, बायको वह्या तपासत "हं, पुढचा" म्हणायची. कोणी 'वा' म्हणत नव्हतं आणि कोणी 'अरेरे'ही म्हणत नव्हतं. असे पुष्कळ दिवस गेले. चुकण्याचा धाक हळूहळू बोथट झाला, आणि मग एका संध्याकाळी चेंडू पेल्यात जाऊन ठणकन वाजला. आईने दोन्ही पाय वर उचलून दाखवले. ती म्हणाली, "मी नाही हं!" त्या घरात इतकं हसू फार दिवसांनी झालं.

वार्षिक सामन्याच्या दिवशी सगळं मंडळ ग्रीनभोवती गोळा झालं होतं. शेवटच्या होलपर्यंत अध्यक्ष आणि उपप्रमुख बरोबरीत आले. अध्यक्षांनी आपण होऊन जाहीर केलं, की या होलला त्यांचा चेंडूही प्रमुखांसारखा हातभर अंतरावर आल्यावरच दिला जावा, उगीच विशेष वागणूक नको. या त्यागाबद्दल टाळ्या झाल्या. दोघांचे चेंडू होलपासून हातहातभर अंतरावर येऊन थांबले. पाळी उपप्रमुखांची होती.

उपप्रमुखांनी होलकडे पाहिलं. होल होता तिथेच होता. त्यांनी मनात बायकोचं "हं, पुढचा" ऐकलं आणि अलगद पट मारला. चेंडू सरळ गेला आणि टपकन आत पडला.

कोणीच टाळी वाजवली नाही. बऱ्याच वर्षांत त्या ग्रीनवर हा आवाज कोणी ऐकला नव्हता. अध्यक्ष दचकून म्हणाले, "काय वाजलं?"

"चेंडू पडला साहेब. होलमध्ये," उपप्रमुख म्हणाले.

"खरोखरचा?"

"हो साहेब."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. ते आपल्या चेंडूपाशी जाऊन उभे राहिले आणि 'दिला' ऐकायची वाट पाहू लागले. समितीच्या नियमाप्रमाणे तो शब्द उपप्रमुखांनीच म्हणायचा होता. होयबांच्या ओठांवर तो इतका आला होता, की त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता. पण उपप्रमुख अजून त्या आवाजाच्या आनंदात होते. शब्द काही येईना. शेवटी अध्यक्षांनी काठी पुढे धरली आणि उपप्रमुखांना दिसलं, की अध्यक्षांचे हात लटलट कापताहेत.

ते हात त्यांच्या चांगल्याच ओळखीचे होते. त्यांना साहेबांची इतकी दया आली, की जवळ जाऊन सांगावंसं वाटलं, मारा साहेब, चुकला तर चुकला, काही होत नाही. हे त्यांना अगदी खरं ठाऊक होतं आणि त्या सगळ्या गर्दीत ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं. वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर इमारतीकडे गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून प्रमुखांची रिकामी खुर्ची दिसत होती, आणि एक शिपाई तिच्यावरची धूळ झटकत होता.

"दिला!" उपप्रमुख म्हणाले. खणखणीत आवाजात म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी काठी खाली टाकून त्यांना मिठी मारली. "बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात आत्मविश्वास!" संध्याकाळी नेमणूक झाली आणि नव्या प्रमुखांचं 'मी भीतीवर मात कशी केली' या विषयावर भाषण ठेवण्यात आलं.

घरी आईने तोंडात साखर घातली. बायकोने विचारलं, "तुमचा गेला?"

"गेला. खरोखर गेला. आवाज आला."

"आणि साहेबांचा?"

"तोही गेला," नवे प्रमुख म्हणाले आणि हातपाय धुवायला आत गेले.

आता वाचक म्हणतील, की हा माणूस भेकडच निघाला. आम्ही त्या जागी असतो, तर काही झालं तरी तो शब्द आमच्या तोंडून निघाला नसता. आम्ही साहेबांना सरळ सांगितलं असतं, मारा म्हणून.

अगदी बरोबर. तुम्ही नक्कीच तसं सांगितलं असतं. त्यासाठी तुम्हाला कुठल्या साहेबासमोर नेऊन उभं करायची काही गरज नाही.

दिला.