भरतीच्या बाजूचा गोल

हरेश्वरभाईंची पँट बारा महिने पोटरीपर्यंत दुमडलेली असते. लग्नात, बँकेत, मयताला, कुठंही. खाली पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट. अनोळखी माणसाला वाटतं, हे गृहस्थ आत्ताच समुद्रातून बाहेर आले किंवा आता आत शिरणार आहेत. दोन्ही खोटं. आगर गावच्या किनाऱ्यावर वीस वर्षं फुटबॉल शिकवणाऱ्या या माणसाच्या बुटाला खाऱ्या पाण्याचा थेंब लागलेला कुणी पाहिला नव्हता. बूट खराब होतात, असं त्यांचं म्हणणं. मग पँट कशाला दुमडता, असं विचारलं तर म्हणायचे, "मानसानं तयारीत असावं. बराबर?"

हा 'बराबर?' प्रश्न नसतो. उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत भाई पुढच्या विषयावर गेलेले असतात.

भाईंची चिकूची वाडी आहे, वाडीत घर आहे, घरात वहिनी आहेत. पण जीव सगळा आमच्या टीममध्ये. मी त्या टीमचा डिफेन्डर. 'एक डिफेन्डर' नव्हे, डिफेन्डर. होतोच मी एकटा. नऊ जण पुढं, मी मधे कुठंतरी घाम पुसत, आणि पार मागं गोलात दत्तू. पोटासाठी माझं डहाणू रोडला झेरॉक्सचं दुकान आहे आणि दत्तू बोटीवर जातो. दोघांचीही चाळिशी जवळ आली आहे, हे आम्ही सोडून सगळ्यांना दिसतं.

नऊ जण पुढं का, याचं कारण समुद्र. आम्हाला ग्राउंड नाही. ओहोटी लागली की जी वाळू उघडी पडते ते आमचं ग्राउंड. एक गोल सुरूच्या झाडांकडे, दुसरा पाण्याकडे. भरती चढायला लागली की पाण्याकडचा गोल आधी बुडतो आणि खेळ खलास. भाईंच्या मनगटावर घड्याळ नसतं, खिशात भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. त्यामुळे त्यांचं सगळं फुटबॉलशास्त्र दोन शब्दांत मावायचं. "भरती येते!" म्हणजे पळा, मारा, पाणी यायच्या आत गोल करा.

पाण्याकडच्या गोलात कायम दत्तू. "तू बोटीवर जानारा, तुला पान्याचं काय?" हा भाईंचा युक्तिवाद. गोलला जाळी नव्हती. अख्ख्या गावात दारोदार जाळी वाळत पडलेली, पण गोलला नाही. "आपल्या गोलला जाळी कशाला? गोल तिकडं होनार!" म्हणून इकडं गोल झाला की चेंडू थेट लाटांत जायचा, दत्तू कमरेपर्यंत पाण्यात शिरून तो आणायचा, आणि भाई कोरड्या वाळूवरून ओरडायचे, "लवकर आन! भरती येते!"

माणूस जगायचाही तसाच. स्कूटरच्या ब्रेकला ते अपमान समजत. पंगत बसायच्या आधी त्यांच्या पानात वरण पडलेलं असायचं. मुलगी बघायला गेले तेव्हा चहा यायच्या आत होकार देऊन मोकळे झाले. "तेव्हा काय भरती येत होती काय?" असं वहिनी अजून विचारतात.

मग गेल्या वर्षीची फायनल आली. तलासरीकडे भात कापून झालं की मोकळ्या शेतात सामने होतात, एका ढालीचे दिवाळीनंतर, दुसऱ्या ढालीचे उन्हाळ्याच्या तोंडावर. पहिल्या ढालीची, वेवजी गावच्या शेतात, वेवजीच्याच टीमविरुद्ध आम्ही फायनल खेळलो. अर्ध्या वेळेला आम्ही चार-शून्यनं पुढं. भाई बक्षिसाच्या ढालीशेजारी फोटोला उभे राहून आले. पण शेताला भरती येत नाही. तिथं पूर्ण साठ मिनिटं खेळावं लागतं, आणि आमच्या पायांना निम्म्याचीच सवय. वेवजीची पोरं अनवाणी, डोंगर चढून तयार झालेली. उत्तरार्धात ती आली ती आलीच. मी एकटा कुणाकुणाला अडवणार? पाच गोल झाले. पाचवा तर अगदी हळू, दत्तूच्या दोन पायांमधून गेला.

"चाळण! चाळण!" लोक ओरडले.

लोकांचं काय, ते ओरडतात आणि विसरतात. पण हे नाव दत्तूच्या आधी आगरला पोचलं. बोट लागली की कुणीतरी विचारणारच, "दत्तू, चाळणीत काय राह्यलं काय मासं?" आठवडाभरानं एका सकाळी भाईंना वाडीच्या फाटकाला दत्तूचे हातमोजे टांगलेले दिसले.

भाईंनी ते काढले, मला दुकानातून उचललं आणि आम्ही दत्तूच्या घरी गेलो. तो ओट्यावर जाळं शिवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"भाई, मला नका सांगू. माज्याच्यानं आता नाय होत."

"ते पाच गोल तुझे नव्हते," भाई म्हणाले.

"मंग कुनाचे?"

भाईंनी हातमोज्यांवरची वाळू झटकली. मग म्हणाले, "दुसऱ्या ढालीच्या फायनलला ये. वेवजीशीच होनार. एक पन गोल होऊ देनार नाय तुझ्यावर."

दत्तू पहिल्यांदा हसला. "तुम्ही? तुम्ही पाठी मानूस ठेवनार? दर्यातून सूर्य उगवंल एक वेळ."

"उगवंल," भाई म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून भाई बदलले, आणि अर्धवट बदलणं त्यांना माहीत नाही. "शून्य" हा नवा मंत्र. "आपल्याला काय पायजे? शून्य! शून्य हा पन आकडाच आहे. बराबर?" मागं एकाऐवजी चार जण आले. मला वाटलं होतं, आता बरे दिवस आले. पण चौघांनी एका रेषेत हलायला शिकावं म्हणून भाईंनी बोटीचा जुना दोर आणून आमच्या कमरांना बांधला. पहिल्या दिवशी चेंडू डावीकडे आला. मी डावीकडे धावलो, चौथा उजवीकडे, आणि मधले दोघे वाळूत आडवे. "दोर खोटं नाय बोलत," भाई शांतपणे म्हणाले. "परत."

दोन महिने रोज 'परत'. पुढं पुढं अशी सवय झाली की एकदा आम्ही चौघं डहाणू रोडच्या बाजारात गेलो, तर सारखं अंतर राखून एका ओळीत चालत होतो. भाजीवालीनं विचारलं, मोर्चा आहे काय?

मयूर आमचा हुकमी गोल मारणारा, एका सामन्यात चार-चार मारलेला. त्यालाही मागं ओढलं. तो भडकला. "भाई, मी इकडं उभा राहून काय बांध घालू?"

"तेच घाल," भाई म्हणाले.

घरीही तेच. स्कूटरचा ब्रेक दुरुस्त झाला आणि इतका वापरात आला की मागची सायकल पुढं जायची. वाडीला दुहेरी कुंपण पडलं. चिकूच्या टेम्पोला तीनदा दोर बांधू लागले. वहिनी मला रस्त्यात थांबवून म्हणाल्या, "सुधीर, अरे सकाळी गॅसजवळ उभे असतात, दुधावर डोळा ठेवून. म्हणतात, एक पन थेंब उतू जाऊ देनार नाय. मला चहा टाकायला पन आत शिरू देत नाहीत!"

गाव चिडलं. आगरचा खेळ बघायला लोक लांबून यायचे, आता मधेच उठून वडापाव खायला जाऊ लागले. पहिला सामना शून्य-शून्य. दुसरा एक-शून्य, तोही समोरच्यानं स्वतःच्याच गोलात मारला म्हणून. म्हातारा झाला, घाबरला, दुसरा कोच आणा, असं उघड बोललं जाऊ लागलं. भाईंनी ऐकलं आणि पँटची घडी आणखी एक वळसा वर घेतली. दत्तू या सामन्यांना आला नव्हता, गोलात दुसरा कुणीतरी होता. पण खेळ संपला की भाई मला सांगायचे, "दत्तूला फोन कर. आकडा सांग." मी फोन करून म्हणायचो, शून्य. तिकडून नुसतं "हं" यायचं. उपांत्य सामन्यानंतर मी शून्य सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "हातमोजे हायेत काय भाईंकडं, का दिलं कुनाला?"

फायनल पुन्हा वेवजीशीच. दत्तू आला, गोलात उभा राहिला, आणि 'चाळण' सुरू झालं. मी तो दिवस विसरणार नाही. दोर नव्हता, पण होता. डावीकडून आले, आम्ही डावीकडे. उजवीकडून आले, उजवीकडे. माझ्या गुडघ्याची साल निघाली, चौथ्याच्या ओठातून रक्त आलं, आणि चेंडू दत्तूपर्यंत पोचला तो तीनदा. तिन्ही त्यानं छातीशी धरले. शेवटच्या मिनिटाला मयूरच्या पायात चेंडू, पुढं मोकळं शेत. वीस वर्षांत असं कधी झालं असतं तर भाई भोंग्यासारखे ओरडले असते. मयूरनं त्यांच्याकडे पाहिलं. भाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या पोरानं दात खाऊन चेंडू बाहेर मारला, आणि शिट्टी झाली. शून्य-शून्य.

भाईंनी दोन्ही हात वर केले. सामना संपला अशी त्यांची समजूत! मी जाऊन सांगितलं, "भाई, आता पेनल्टी."

त्यांचा चेहराच उतरला. दोन महिने शून्याचा ध्यास घेतलेल्या या माणसानं दोन्हीकडे शून्य झालं तर काय, हा विचार केलाच नव्हता. आम्ही एक पेनल्टी मारून पाहिली नव्हती. आणि पेनल्टीला मागं चार जण उभे करता येत नाहीत. दत्तू पुन्हा एकटाच.

भाई सरळ मैदान ओलांडून गोलच्या मागं चालू लागले.

"ओ काका, कुठं चाललात?" रेफरीनं हटकलं.

"बॉल आनायला."

तिथंही गोलला जाळी नव्हती. मागं बांध, बांधापलीकडे भाताचे टोकदार खुंट. वेवजीनं पाच मारल्या. एक दत्तूनं झेप घेऊन अडवली, चार आत गेल्या. चारही वेळा दत्तू सवयीनं चेंडूमागं वळला, आणि चारही वेळा साठी उलटलेले हरेश्वरभाई त्याच्या आधी बांध चढून, खुंटांत पोटऱ्या खरवडून घेत, चेंडू घेऊन आले. पँटला पुसून त्याच्या हातात दिला. लवकर म्हणाले नाहीत. आमच्याकडून तीन आत गेल्या. माझी थेट वेवजीच्या कुणाच्या तरी कौलावर. ढाल पुन्हा वेवजीला.

परतताना टेम्पोत दत्तू टपाजवळ डोळे मिटून बसला होता. भाई माझ्या कानाशी म्हणाले, "सुध्या, वीस वर्षं तो पान्यातून बॉल आनत होता. आनि मी काठावरून ओरडत होतो. एकदा पन आत गेलो नाय रे."

मी त्यांच्या पोटरीवरचं रक्त पुसायला रुमाल दिला. त्यांनी त्यानं बूट पुसले.

चार दिवसांनी ओहोटी लागली. कुणी बोलावलं नव्हतं, तरी सगळे जमले. दत्तूही आला, हातमोजे घालूनच, आणि न सांगता पाण्याकडच्या गोलात जाऊन उभा राहिला. मयूरनं दोन महिन्यांचा राग काढून असा काही चेंडू मारला की तो दत्तूच्या डोक्यावरून थेट लाटांत गेला. दत्तू मागं वळला.

भाई आधीच आत होते. पांढऱ्या बुटांसकट. दुमडलेली पँट केव्हाच भिजली होती. त्यांनी चेंडू फेकला आणि बाहेर यायचं सोडून गोलच्या मागं तिथंच उभे राहिले.

"भाई, भरती येते," दत्तू म्हणाला.

"येऊ दे," भाई म्हणाले. "तू पुढं बघ."