स्कूटरच्या किल्लीचा कॉम्प्युटर

आमच्या हसूकाकांचा कॉम्प्युटर किल्लीने चालू होतो. किल्ली स्कूटरची. पडद्याखालच्या भोकात ती घालून वळवली, की आतून असा काही आवाज निघतो की अंगणातल्या बोंबलांवर टपलेली मांजरं शेपूट घालून पळतात. आवाज पंख्याचा. तो पंखा कळंबोलीच्या भंगारात मिळालेला आहे, ट्रकच्या केबिनमधला.

"अहो काका, कान फुटतील आमचे!" मी वरून ओरडते.

"मास्तरीनबाय, मानूस तापला नि मशीन तापली, दोगांना वारा लागतो!" खालून उत्तर येतं.

मी हसूराम घरतांची भाडेकरू. मूळची साताऱ्याची, बेलापूरच्या एका शाळेत शिकवते, आणि तोंडाने फटकळ आहे याबद्दल सासर-माहेर दोन्हीकडे एकमत आहे. दिवाळे गावात खाडीच्या अंगाला काकांचं दुमजली घर आहे. खाली काका-काकी, वर मी आणि माझा नवरा. आम्ही घर बघायला आलो तेव्हा काकांनी पाणी किती वेळ येतं, मीटर कुठे आहे, काही म्हणजे काही सांगितलं नाही. आम्हाला थेट पुढच्या खोलीत नेलं आणि कॉम्प्युटरसमोर उभं केलं.

"काय बगताव? असा अख्ख्या नवी मुंबईन नाय."

ते मात्र खरं. पडदा आणि आतलं सगळं यंत्र एकाच खोक्यात, अशी ती जुनी मशीन. निळं, आरपार दिसणारं प्लॅस्टिक आणि मागे सुटलेलं भलंमोठं पोट. जुनी म्हणजे फक्त बाहेरून. पडदा एका मेलेल्या लॅपटॉपचा (तो लॅपटॉप माझ्या नवऱ्याचा, 'जरा बगतो' म्हणून नेला तो गेलाच). यंत्र कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातलं. स्पीकर रिक्षाचे. मागच्या झाकणाला फ्रिजच्या दाराची बिजागरी. आणि गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ पोटात सोडलेली, त्यामुळे काका मशीनवर बसले की सगळी खोली निळी होते. एखादा भाग बसत नसला तर माणूस नाद सोडतो. काका कानस काढतात. "जमंल! नाय जमला तं जमवाचा!" हे त्यांचं ब्रीद. एकदा माझ्या कुकरची शिट्टी त्यांच्या डोळ्यात भरली होती. ती मी दोन दिवस कपाटात कुलूप लावून ठेवली.

बरं, एवढ्या उपद्व्यापाच्या मशीनवर हा माणूस करतो काय? भरती-ओहोटीच्या वेळा बघतो. खाडी खिडकीतून दिसते. चिखल दिसला की ओहोटी, पाणी दिसलं की भरती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हाताऱ्या तर बोटांवर तिथी मोजून झोपेतसुद्धा वेळ सांगतील. पण काका किल्ली फिरवणार, चष्मा लावणार आणि दारावरून मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या बायकांना ओरडून सांगणार, "सवाअकराला भरती गो!"

"आरं हसू, पान्यातून तं आली मी! गुडघ्यावर आलाय ना तो!" एखादी साडीचा ओला काठ दाखवते.

"मशीन सवाअकरा बोलतंय," काका ठाम.

एकदा काका बाहेर गेले आणि मशीन चालूच राहिली. माझ्या दहावीच्या पेपरांचा गठ्ठा आणि खाली तो ट्रक! मी तणतणत काकींकडे गेले. म्हटलं, स्कूटरला दोन किल्ल्या येतात, दुसरी द्या मला, मी बंद करते. काकींनी देवघराकडे बघितलं. तिथे कुंकवाच्या करंड्याशेजारी दुसरी किल्ली होती. "ती नाय देत ते कोनाला," काकी म्हणाल्या आणि सरळ मेन स्विच खाली ओढला.

मला अजून एक गोष्ट खटकायची. मशीनच्या पोटात खाली, उजव्या अंगाला, चांगली ताटाएवढी जागा रिकामी होती. तिथे चार खांब, त्यांवर चार स्क्रू. आणि मशीनची डिस्क मात्र बाहेर, पिशवीत घालून खिळ्याला लोंबकळत ठेवलेली! खाडीचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही, म्हणून काका दर आठवड्याला त्या चार स्क्रूंना कापसाने खोबरेल तेल लावायचे. नुसत्या स्क्रूंना! मी म्हटलं, "काका, घरात जागा असून पाहुण्याला ओट्यावर का झोपवता? डिस्क घाला की आत."

काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "ती जागा दादाची हाय," म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

दादा कोण, हे मला काकींकडून कळलं. सुकट निवडता निवडता त्यांनी सगळं सांगितलं.

नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, पैसा आला, तेव्हा काकांच्या वडिलांनी दोन मुलांसाठी ही मशीन घरी आणली. गावात कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. निळं मडकं बघायला लोक यायचे. थोरला काशिनाथ आणि धाकटा हसूराम, दोघं एका पाटावर मांडीला मांडी लावून त्यावर पत्ते खेळायचे. दोघांची लग्नं झाली तरी खेळायचे. मग वडील गेले. काशिनाथदादा म्हणाले, खाडीचं घर विकू आणि कामोठ्याला फ्लॅट घेऊ. काका म्हणाले, खाडी सोडणार नाही. शब्दाने शब्द वाढला आणि वाटणीवर आलं.

पंच बसले. होडी एकाला, जाळी एकाला. घर काकांना, मळा दादांना. हंडे-कळशा मोजून निम्म्या निम्म्या. शेवटी कॉम्प्युटर राहिला. शेजारगावी कुणाच्या तरी कॉम्प्युटरच्या वाटणीत एका भावाने टीव्हीसारखा भाग घेतला होता आणि दुसऱ्याने डबा. पण हा तर एकसंध! पंच बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. मग त्यातला सगळ्यात जाणता माणूस म्हणाला, "त्यान काय? एकाला आतला, एकाला बायेरला."

आणि खरोखर तसंच केलं हो! दोन्ही शहाणे भाऊ तावातावाने हो म्हणाले. स्क्रू काढून आतल्या यंत्राचा पत्र्याचा ट्रे दादांना दिला, आणि पडद्यासकट निळं पोट काकांना. वर कडी म्हणजे भांड्यांवर नावं घालायला बोलावलेल्या माणसाने ट्रेवरही टिंबाटिंबांचं 'काशिनाथ घरत' घातलं. निळ्या प्लॅस्टिकवर 'हसूराम' घालायला गेला तर ते तडकलं. तो तडा अजून आहे. ऐकून मी हसून हसून सुपावर पडले. काकी हसल्या नाहीत.

"दोगं हलदीला भेटतात, एका पंगतीन जेवतात, बोलत नाय," त्या म्हणाल्या. "यांचा येकच म्हननं. दादानी येकदा यावा नि त्याचे हातानी त्याचा भाग त्या जाग्यावर लावावा. तवर मशीन पुरी नाय. मी बोलली, तुमी जा ना कामोठ्याला. तं गप."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, दुसरं काय! दोन-तीन स्टेशनांवर सख्खा भाऊ, आणि हा माणूस त्याच्या स्क्रूंना तेल लावत बसलाय. मला राग आला आणि रडूही आलं.

यंदा दसऱ्यानंतर काका नेहमीसारखे कळंबोलीला भंगारात गेले. परत आले तेव्हा हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "काका, आज काय? विमानाचं चाक?" मी जिन्यावरून चिडवलं. आत जाऊन ते गाठोडं त्यांनी खाटेखाली सरकवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

काकींनी मला बोलावून कागद उलगडून दाखवला. गंजलेला पत्र्याचा ट्रे होता. कडेला टिंबांमध्ये लिहिलेलं: काशिनाथ घरत.

"टाकला त्यानी," काका भिंतीशीच बोलले. "भंगारान टाकला."

"काका, मिळाला ना, मग लावून टाका जागेवर," मी म्हटलं. जीभ आवरत नाही ना माझी.

"त्यानी टाकलेला मी लावू? जागा त्याची हाय, बाय. माजी नाय."

त्या दिवसापासून किल्ली फिरली नाही. खोली निळी झाली नाही. मासळीवाल्या दारावरून जाताना आवाज द्यायच्या, "हसू, भरती कवा रं?" आतून उत्तर नाही. त्या शांततेत माझे पेपर भराभर तपासून व्हायला हवे होते. एक धड तपासून झाला नाही. मला तो मेला ट्रक ऐकू यायला हवा होता.

मग एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. मी उघडलं. समोर काकांचंच नाक घेऊन एक उंच म्हातारा उभा. हात कोपरापर्यंत काळे, शर्टावर ग्रीसचे डाग.

"हसू हाय घरान?"

काका आतून आले आणि दारातच थांबले. मी आपली फाटकाची कडी धरून उभी, आत जावं की बाहेर तेच कळेना.

"तुला सांगाला आलू," दादा खाली बघत म्हणाले. "माजे वाटनीचा ट्रे गेला. मी बायेरगावी गेलतो तवा सुनेनी दसऱ्याची साफसफाई केली. तिला काय म्हाईत? कपाटावरना काढून भंगारवाल्याला दिला. रोज कलंबोलीला जातंय. येकेक ढीग उपसला. नाय गावला." त्यांनी काळे हात शर्टाला पुसले. "इतकी वरसं संबालला रं. कवातरी घेऊन येनार होतू. आता कनचे तोंडानी येऊ? तरी तसाच आलू."

काका वळले, खाटेखाली वाकले आणि गाठोडं काढून भावाच्या काळ्या हातात दिलं. दादांनी कागद उलगडला. आपलं नाव वाचलं. आणि हा एवढा मोठा माणूस मटकन उंबऱ्यावर बसला.

"तुला कवा..."

"तुजे आदी पोचलू मी," काका म्हणाले. "नेमी तुज्या आदीच पोचतंय." आणि हसता हसता रडायला लागले. काकी पदर तोंडाला लावून चहाच्या निमित्ताने आत पळाल्या. मी कुठे पळणार? मी तिथेच उभी राहून रडले.

मग काकांनी मशीनचं झाकण उघडलं आणि पान्यांच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर काढून दादांपुढे धरला. इतक्या वर्षांचे ते स्क्रू दादांच्या हाताने सुरसुर फिरले. दादांनी बोटाला लागलेलं तेल हुंगून बघितलं आणि भावाकडे पाहिलं. ट्रे चारी खांबांवर नीट बसला.

तेवढ्यात माझा नवरा खाली आला आणि त्याने अक्कल पाजळली. "काका, पण याला तर एकही वायर जोडलेली नाही. गंजलाय. हा काहीच काम करणार नाही."

"नाय करू दे," काका म्हणाले. "लय काम केलाय त्यानी."

नवऱ्याला मी चिमटा काढला.

चहा झाला, बोंबील तळले गेले, जुन्या पंचांची यथेच्छ निंदा झाली. दादा निघाले तेव्हा काकांनी देवघरातली ती दुसरी किल्ली आणली आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. ही कसली, असं दादांनी विचारलं नाही. मघाशी त्यांनी पडद्याखालचं भोक बघितलं होतं.

फाटकाशी जाऊन दादा थांबले. मागे वळून म्हणाले, "हसू, फुडच्या आयतवारी भरती कवा रं?"

आता हा माणूस याच खाडीवर जन्मलेला. होडी वल्हवत मोठा झालेला. भरती त्याने विचारायची का कुणाला?

पण काकांचा चेहरा असा काही उजळला! "थांब दादा, मशीनला इचारतो," म्हणत ते आत धावले. किल्ली फिरली, ट्रक घुरघुरला, मांजरं पळाली, खोली निळी झाली. आणि दादा खिशावर हात ठेवून फाटकाशी उभे राहिले, मशीन काय सांगते ते ऐकायला.