तेवीस दुकाने आणि एक गिऱ्हाईक

एखादी वस्तू स्वस्त मिळाली म्हणून माणसाला आनंद होतो खरा. पण ती त्याच भावात शेजाऱ्याला मिळत नाही, हा आनंद त्याहून टिकाऊ असतो. पाटबंधारे खात्यात एकोणतीस वर्षे नोकरी केल्यावर मी या मताला आलो आहे. (खात्याचे मत वेगळे असू शकते. ते मागवलेले नाही.)

अक्कलकोट रोडला घाऊक मालाचा तो क्लब सुरू झाला आणि हे मत पक्के झाले. क्लबचे नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे, म्हणून आमच्या गल्लीत त्याला नुसते 'गोदाम' म्हणतात. गोदामात कोणाही सोम्यागोम्याला शिरता येत नाही. कार्ड लागते. कार्ड फक्त दुकानदाराला मिळते, दुकानदार असल्याचा पुरावा म्हणून शॉप अ‍ॅक्टचा दाखला लागतो आणि तो दाखला घरबसल्या मोबाईलवर निघतो. त्यामुळे गोदाम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत आमच्या गल्लीतल्या तेवीस घरांत तेवीस दुकाने सुरू झाली. एवढी औद्योगिक प्रगती शहरात दुसरीकडे कुठे झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

हे सगळे कागद पोस्टात नोकरीला असलेल्या बुद्धभूषणने करून दिले, आणि त्याबद्दल त्याने कोणाकडून चहासुद्धा घेतला नाही. सरकारी नोकराला धंदा करता येत नसल्याने आमचे दुकान पत्नीच्या नावावर आहे : शालन जनरल स्टोअर्स. दुकानाचा पत्ता आमचे स्वयंपाकघर.

गल्लीत फक्त एका व्यक्तीला कार्ड मिळाले नाही. ती म्हणजे गंगम्मा. तिचे कोपऱ्यावर किराणा दुकान आहे. खरेखुरे, फळ्या-बरण्यांचे, तीस वर्षे चालू असलेले. पण त्याचा दाखला तिचे यजमान महादेवप्पा यांच्या नावावर आहे आणि नियमाप्रमाणे कार्डावरच्या फोटोसाठी दाखलाधारकाने स्वतः हजर राहावे लागते. महादेवप्पांना जाऊन आठ वर्षे झाल्याने ते हजर राहू शकले नाहीत. थोडक्यात, गल्लीत दुकान नसलेल्या सर्वांना दुकानदार म्हणून मान्यता मिळाली आणि दुकान असलेलीचा अर्ज फेटाळला गेला. क्लबची छाननी किती काटेकोर असते, हे यावरून ध्यानात यावे.

गोदामातल्या खरेदीचे सुख सांगून समजणार नाही. तिथली ढकलगाडी आमच्या न्हाणीघराहून मोठी आहे. ती रिकामी दिसली की माणसाला आपल्या संसारात काहीतरी कमी आहे असे वाटू लागते. सुटे काही मिळत नाही, हा तिथला मोठेपणा. पहिल्याच रविवारी आम्ही पाच किलो जिरे, बारा फरशीपुसणी, हॉटेलात वापरतात तो पांढरा सॉस (पाच लिटर, कशावर घालतात ते अद्याप कळलेले नाही) आणि अठ्ठेचाळीस टूथपेस्ट आणल्या. आमच्या घरात एकूण दात अठ्ठ्याण्णव आहेत, आईचे दोन धरून. म्हणजे दर दोन दातांमागे जवळजवळ एक टूथपेस्ट. दरडोई नव्हे, दरदंती एवढा साठा असलेले कुटुंब मी तरी पाहिलेले नाही.

बाहेर पडताना दारावरचा माणूस बिलावर पेनाने एक रेघ मारतो. ती रेघ मारून घेताना मला जे वाटते, ते बढतीच्या आदेशावर सही होतानाही वाटले नव्हते.

जागेची मात्र थोडी अडचण होती. आईच्या खाटेखाली तांदूळ गेला, मग खाटेवर साबण आला आणि आई हॉलमध्ये आली. हॉलमध्ये टीव्हीसमोर तेलाचे डबे असल्याने आम्ही बातम्या ऐकू लागलो. बघण्यापेक्षा बरे वाटले.

यात एक गोष्ट मनाला लागून राहिली होती, ती सांगितली पाहिजे. गंगम्माच्या दुकानात कोणी जाईनासे झाले. जाता-येता ती गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघताना दिसायची. असेच चालले तर दसऱ्यानंतर दुकान बंद करून अक्कलकोटला भावाकडे जाईन, असे तिने शालनला सांगितले. मला खरोखर वाईट वाटले. माझी पहिली नोकरी लागली तेव्हा तिने गल्लीभर खडीसाखर वाटली होती. पण कार्डाची वर्गणी वर्षभराची भरलेली होती, आणि भरलेली वर्गणी वाया घालवणे हे आमच्या खात्याच्या संस्कारात बसत नाही.

एवढ्यात सर्वांच्या मोबाईलवर गोदामाचा संदेश आला. सभासदांच्या दुकानांची रविवारी प्रत्यक्ष पडताळणी होईल. दुकान चालू स्थितीत व विक्री होताना आढळले पाहिजे, अन्यथा कार्ड रद्द.

गल्लीवर अवकळा पसरली. बुद्धभूषणच्या ओट्यावर सभा झाली. पाट्या रंगवणे सोपे होते. माल तर इतका होता की दुकान दिसावे म्हणून काही करायचीही गरज नव्हती. खिडकी उघडली की दुकान. खरी अडचण नागनाथने मांडली. हा मूळचा माळशिरसचा, इथे टेम्पो चालवतो आणि 'नागनाथ ट्रेडर्स' या नावाने पलंगावर झोपतो.

तो म्हणाला, "समदेच दुकानदार झाले की. घ्यायला कोण येनार?"

सभेने या मुद्द्यावर दीड तास विचार केला. एकमेकांकडे जावे तर दुकानदार गिऱ्हाईक होतो आणि त्याचे स्वतःचे दुकान बंद दिसते. पाहुणे बोलवावेत, तर बहुतेकांचे पाहुणेही गोदामाचे सभासद असल्याने ते त्या दिवशी आपापल्या दुकानात अडकलेले. कार्ड नसलेला माणूस शोधता शोधता सर्वांच्या नजरा हळूहळू कोपऱ्याकडे वळल्या.

शिष्टमंडळात बुद्धभूषण, शालन आणि मी असे तिघे होतो. गंगम्माने आमचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. मग तिने एकच अट घातली.

"खोटं खोटं मला जमत न्हाय सायेब. मी खरंच घेनार. आन् भाव मी ठरवनार."

आम्ही कबूल झालो. कार्डाचा प्रश्न होता.

रविवारी गोदामाकडून अभिमन्यू नावाचा तरुण अधिकारी हातात टॅब घेऊन आला. त्याने बुद्धभूषणच्या खिडकीपासून सुरुवात केली. तिथे गंगम्मा उभी होती. ती साखर मागत होती आणि बुद्धभूषणची बायको संघप्रिया (बाई शाळेत गणित शिकवतात) साखर कशी मोजतात ते विसरून तिच्याकडे बघत होती. तेवीस दुकानांत मिळून एकही वजनकाटा नाही, हे त्या क्षणी गल्लीच्या ध्यानात आले. गंगम्माने पिशवीतून स्वतःचा तराजू काढला, संघप्रियाबाईंच्या हातात दिला आणि पारडे कुठून धरायचे तेही दाखवले. मग सुटे राहू द्या, अख्खे पोतेच द्या, म्हणाली.

पुढच्या खिडकीतही गंगम्मा. त्याच्या पुढच्याही. आमच्याकडे येईपर्यंत अभिमन्यूची सतरा दुकाने बघून झाली होती आणि सतराही ठिकाणी त्याला तीच बाई, तीच हिरवी साडी आणि तोच तराजू दिसला होता. तो काही वेळ तिच्याकडे बघत राहिला. शालनने माझा हात धरला. गेल्या कित्येक वर्षांत असे झाले नव्हते.

"मावशी, तुम्ही नेहमी इथेच घेता?" त्याने विचारले.

"तर ओ. दुसरीकडं कुटं जाऊ?"

त्याने टॅबवर जे नोंदवले ते मला उलटे वाचता आले. (खात्यात ही कला आपोआप येते.) 'ग्राहकवर्ग : अत्यंत एकनिष्ठ.' तेवीसच्या तेवीस कार्डे कायम झाली.

संध्याकाळी नागनाथच्या टेम्पोने दोन खेपा करून गंगम्माचा माल कोपऱ्यावर नेला. तिने लावलेला भाव आम्ही दिलेल्या भावाहून बराच खाली होता. पण खाटेखालची फरशी दिसल्यावर आईला इतका आनंद झाला की घासाघीस करायला आमचे तोंड उघडेना. पांढऱ्या सॉसचे भांडे गंगम्माने तेवढे नाकारले. ते अजून आमच्याकडे आहे.

सोमवारी सकाळी घरात जिरे नव्हते. शालन कोपऱ्यावर गेली आणि शंभर ग्रॅम घेऊन आली. जिरे ओळखीचे वाटले. मंगळवारी अख्खी गल्ली तिथे उभी होती. अक्कलकोटचा विषय त्यानंतर निघालेला नाही.

आता दुकानाचा दाखलाही तुझ्या नावावर करून देऊ, कार्ड मिळेल, असे बुद्धभूषणने तिला जाऊन सांगितले. मीही सोबत होतो. ती जिऱ्याच्या पुड्या बांधत होती. मान वर न करताच म्हणाली, "कार्ड घेऊन मी काय करू? तुमी तेवीस जन हायेत की."

आता दर शनिवारी तिच्याकडे काय संपले आहे ते ती आम्हाला सांगते. रविवारी आम्ही स्वतःच्या पेट्रोलने गोदामात जातो, ऐटीत कार्ड दाखवतो, गाडी ढकलतो, रांगेत उभे राहतो, बिलावर रेघ मारून घेतो आणि माल तिच्या दारात उतरवतो. बिनपगारी माणसे इतक्या उत्साहाने राबताना मी सरकारी खात्यात कधी पाहिली नाहीत. माल आणणाऱ्याला गंगम्मा चहा देते. साध्या गिऱ्हाइकाला देत नाही.

वाचता वाचता आपण आम्हाला हसला असाल, तर हरकत नाही. फक्त पाकिटातले आपले कार्ड एकदा काढून त्यावर कोणत्या दुकानाचे नाव आहे ते बघा. ते दुकान कुठे आहे, असे आपल्या घरच्यांना विचारू नका. त्यांना तिथेच झोपायचे असते. त्यापेक्षा येत्या शनिवारी कोपऱ्यावर चक्कर टाका. चोवीस क्रमांकाची जागा रिकामी आहे आणि गंगम्माची साखर संपत आली आहे.