वैद्यबुवांची धूळ

"नाक लाल झालंय तुमचं," बायको म्हणाली.

"थंडी आहे बाहेर."

"तुम्ही अजून घराबाहेर पाऊलही टाकलेलं नाहीये."

वैद्यबुवांनी कपाटातली बरणी काढली, एका चमच्याऐवजी दोन चमचे पांढऱ्या बारीक गोळ्या तोंडात टाकल्या आणि वर घटाघटा पाणी प्यायले. एरवी त्या गोळ्या साबण चावल्यासारख्या कडवट लागत. आज कसलीच चव लागेना, आणि हे लक्षण काही बरं नव्हतं.

वैद्यबुवा हे काही वैद्य नव्हते. ते एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे आणि गेल्या वर्षापर्यंत तिथे त्यांना शिंकोबा म्हणत. दुकानाच्या मालकीणबाईंचा नियम कडक होता. ज्याला सर्दी झाली त्याने टेबल सोडायचं आणि बरं वाटेपर्यंत पुढे काउंटरवर उभं राहायचं. नियम तसा रास्तच होता, कारण उघड्या घड्याळावर एक शिंक पडली की आठवड्याचं काम जमिनीवर. पण काउंटर म्हणजे सेल बदलणं, पट्ट्यांना भोकं पाडून देणं आणि "चालतंय हो, पण मागे पडतंय" हे दिवसभर ऐकून घेणं. शिंकोबांचे हिवाळेच्या हिवाळे तिथे गेले होते. हातात कसब असून त्यांच्या टेबलावर कोळ्यांनी संसार थाटले होते.

मग मेहुण्याने ती बरणी आणून दिली. मोनोलॉरिन. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लापासून केलेलं, विषाणूंशी दोन हात करणारं, प्रतिकारशक्तीला टेकू देणारं, असं बरणीवर लिहिलेलं होतं. गोळ्यांचा गुण म्हणा की योगायोग म्हणा, त्या हिवाळ्यात शिंकोबा एकदाही शिंकले नाहीत. झालं! ज्या माणसाला घड्याळांच्या दुकानात बसून कुणी किती वाजले हेसुद्धा विचारलं नव्हतं, त्याला लोक तब्येतीचे सल्ले विचारू लागले.

"हे बघा," डबा खाताना ते समजावून सांगत, "विषाणू म्हणजे घड्याळ समजा. वरचं झाकण चरबीचं. आपली गोळीही चरबीचीच. ती झाकणात मुरते, झाकण ढिलं पडतं, आतला सगळा कारभार बाहेर. घड्याळ बंद!"

हे शेजारच्या टेबलांवरच्या दोघा भावांना, थोरल्याला आणि धाकट्याला, एकदम पटलं. दोघांनी बरण्या आणल्या. मालकीणबाईंनीही "बघू तरी" म्हणत एक घेतली. शिंकोबांचे वैद्यबुवा झाले. आणि आता कळस म्हणजे, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या आईचं नखाएवढं सोन्याचं घड्याळ मालकीणबाईंनी थोरल्याला डावलून बुवांच्या हातात ठेवलं होतं.

"तुम्ही शिंकत नाही, म्हणून तुम्हाला," त्या म्हणाल्या होत्या.

एवढं नाजूक काम बुवांना आजवर कुणी दिलं नव्हतं. सर्दी कबूल करायची म्हणजे घड्याळ गेलं, नाव गेलं, पुन्हा काउंटर आणि पुन्हा शिंकोबा. नुसत्या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. अर्थात, ते सकाळपासून भरलेलेच होते.

दुकानात गेल्या गेल्या पहिली शिंक आली. ती त्यांनी बाहीत दाबली, पण बाहीतूनही तिचा आवाज व्हायचा तो झालाच.

मालकीणबाईंची मान वर झाली. "काय हो?"

"धूळ," बुवा म्हणाले.

"धूळ? माझ्या दुकानात?"

मालकीणबाईंना दुकानाबद्दल काहीही म्हटलेलं चाललं असतं, पण धूळ आहे म्हटलेलं चालत नसे. त्यांनी पदर खोचला. कपाटं भिंतीपासून ओढली गेली, खण उपसले गेले, भिंतीवरची घड्याळं उतरवली गेली. त्यांच्यामागे एवढी धूळ निघाली की दुकानातले सगळेच शिंकायला लागले.

"बुवांचं नाक बघा किती तिखट!" धाकटा कौतुकाने म्हणाला. "आपल्याला पत्ताच नव्हता."

बुवा दिवसभर सुखाने शिंकले. पण अडचण अशी झाली की संध्याकाळपर्यंत दुकान आरशासारखं लख्ख झालं, धूळ औषधालाही उरली नाही, आणि शिंका मात्र उरल्या.

"आता काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"फिनाईलचा वास," बुवा म्हणाले.

मग खिडक्या उघडल्या गेल्या. खिडक्यांतून वारा आला, वाऱ्याने थोरल्याच्या टेबलावरचा कागद उडाला आणि कागदावर ओळीने मांडलेली चाकं धाकट्याच्या डब्यात जाऊन पडली. दोघे भाऊ हातघाईवर आले. खिडक्या लागल्या. बुवा खाली मान घालून काम करत राहिले आणि नाक कोरडं ठेवण्यासाठी तोंडाने श्वास घेत राहिले. भिंगाच्या काचेवर वाफ धरत होती.

दुसरा दिवस उजाडला. त्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाई घड्याळ न्यायला येणार होत्या. सगळं जुळलं होतं. फक्त टिकटिक चालवणाऱ्या बॅलन्सच्या चाकावरची पट्टी बसवायची होती आणि तिचा एकच स्क्रू, खसखशीच्या दाण्याहून लहान. बुवांनी तो चिमट्यात उचलला. थोरला कसं चाललंय ते बघायला टेबलावर वाकला. बुवांनी श्वास रोखला.

आणि शिंक आली. आजवरच्या सगळ्या दाबलेल्या शिंका एकजुटीने आल्यासारखी आली.

स्क्रू गेला.

"कुणी हलू नका!" मालकीणबाई ओरडल्या. "पाय उचलू नका! लोहचुंबक आणू नका, स्क्रूत चुंबकत्व भरेल!"

बुवा, थोरला आणि धाकटा टेबलाखाली रांगू लागले. धाकट्याने विजेरी जमिनीलगत आडवी धरली, म्हणजे कणाचीही सावली पडावी. पण काल एवढी सफाई झालेली, सावली पडायला कणच नव्हता.

"बुवा," थोरला कुजबुजला, "खरं सांगा. सर्दी झालीय ना?"

"छे! धूळ आहे."

"मलाही आज सकाळपासून धूळच झालीय," थोरला म्हणाला. त्याचा आवाज बंद नाकातून येत होता.

"मला फिनाईल," धाकटा हळूच म्हणाला.

बुवा रांगायचे थांबले.

"अरे, मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? तुमच्याच गोळ्या घेतो आम्ही. तुमची शोभा झाली असती," थोरला म्हणाला. मग जरा थांबून, "आणि काउंटरवर कोण उभं राहील हो?"

बुवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली सर्दी लपवली ती लपवली, वर दुकानभर वाटलीही. ते काहीतरी बोलणार, तेवढ्यात विजेरीचा उजेड थोरल्याच्या तोंडावर पडला आणि त्याच्या भरघोस मिशीत काहीतरी चमकलं.

"हलू नका," बुवा म्हणाले.

"का?"

"बोलूही नका. स्क्रू तुमच्या मिशीत आहे."

थोरला पुतळा झाला. बुवांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चिमटा पुढे नेला. तेवढ्यात थोरल्याच्या नाकपुड्या फुलायला लागल्या.

"शिंकायचं नाही!" बुवा दातओठ खात म्हणाले.

"दादा, दुसरा काहीतरी विचार कर!" धाकटा कळवळला. "काउंटरचा विचार कर!"

थोरल्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. बुवांचा हात मात्र तसूभर हलला नाही. चिमटा मिशीत शिरला, मिटला, बाहेर आला. बुवांनी स्क्रू मुठीत घट्ट धरला आणि त्याच क्षणी थोरल्याने अशी शिंक दिली की त्याचं डोकं टेबलाला खालून आदळलं.

"इथे नक्की काय चाललंय?" वरून आवाज आला.

मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. टेबलाखाली एक माणूस दुसऱ्याच्या मिशीसमोर चिमटा धरून बसलाय आणि तिसरा उजेड दाखवतोय, हे त्यांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांतही पाहिलेलं नसावं.

मालकीणबाईंनी प्रसंग सावरायला घेतला. "या ना, या! घड्याळ होतच आलंय. जरा एक पार्ट यायचाय..."

"नाही," बुवा टेबलाखालून बाहेर येत म्हणाले. "पार्ट इथे आहे. मीच शिंकून उडवला. मला सर्दी झालीय, बाई. काल सकाळपासून. धूळ नव्हती, वास नव्हता, काही नव्हतं. या दोघांनाही माझ्यामुळेच झाली. घड्याळ थोरल्याकडे द्या, म्हणजे तो बरा झाल्यावर. मी जातो काउंटरवर."

मालकीणबाई काही बोलायला गेल्या, पण बोलण्याऐवजी त्यांनी घाईघाईने पदर नाकाला लावला, आणि पदराआडून जो आवाज आला त्याला धूळ म्हणायची हिंमत त्यांनाही झाली नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी चौघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"आईचं हे घड्याळ मी बऱ्याच दुकानांतून फिरवलंय," त्या म्हणाल्या. "जिथे जावं तिथे 'पार्ट यायचाय'. खरं काय झालं ते सांगणारे तुम्ही पहिले. आणि मिशीतून स्क्रू काढणारा हात मी आत्ता पाहिलाय." त्यांनी बुवांकडे बोट केलं. "घड्याळ हेच करतील. बरे झाल्यावर. मला घाई नाही."

बुवांनी स्क्रू काचेच्या झाकणाखाली जपून ठेवला आणि नाक पुसण्याच्या निमित्ताने डोळेही पुसून घेतले.

बाई गेल्या. चौघे नाकं पुसत काउंटरपाशी उभे होते. नियमाप्रमाणे सगळ्यांची जागा तिथेच होती.

आता आपल्याला पुन्हा शिंकोबा म्हणणार, हे बुवांनी मनाशी धरलंच होतं. तेवढ्यात मालकीणबाई खाकरल्या.

"वैद्यबुवा," त्या म्हणाल्या, "गोळ्यांचं काय ते झालं. पण तुम्ही आमच्या एक दिवस आधीपासून आजारी आहात. आता काय घ्यावं म्हणता?"

थोरला आणि धाकटाही उत्सुकतेने त्यांच्याकडे बघू लागले. बुवांनी क्षणभर विचार केला. आपलं ऐकतात म्हणून नव्हे, तर खरोखर उपयोगी पडेल असं काही सांगायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"सुट्टी," बुवा म्हणाले.

मालकीणबाईंनी दिवे घालवले आणि धाकट्याला शटर ओढायला सांगितलं.