शर्टाचं बटण, कोटाचं बटण

पोकर म्हणजे जावईबापूंच्या हातचा मळ! चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावणारा माणूस. समोरच्याकडे एक्का आहे की दुर्री, हे त्यांना न कळून कसं चालेल?

"मित्रांबरोबर खेळतो ना, तेव्हा मी पुढ्यातलं सगळं एकदम लावून टाकतो," सासूबाईंच्या घराचा जिना चढताना त्यांनी बायकोला सांगितलं. "हातात काही नसलं तरी! भलेभले पानं टाकून पळतात!"

"कपाटाचं लक्षात आहे ना?" बायकोने विचारलं.

ते कसं विसरणार! सासूबाईंचं शिवणकाम तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, उजेडाच्या खोलीत हलणार होतं. त्यांचं शिसवी कपाट लिफ्टमध्ये मावत नव्हतं, म्हणून उद्या सकाळी जावई आणि मेहुणा ते जिन्याने नेणार होते. पण जिन्यात सगळा भार येतो तो खालच्या टोकावर! ते कुणी धरायचं, हे आजच्या डावावर ठरणार होतं. दोघांत ज्याच्याकडे बटणं कमी, तो खाली. जावईबापूंच्या कमरेत आधीच उसण भरलेली होती.

सासूबाईंनी बटणांची बरणी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना सारखी बटणं वाटली.

"हातात दोन पानं, टेबलावर उघडणार पाच, आणि लावायच्या फेऱ्या चार," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन फेऱ्यांत शर्टाचं बटण लावायचं, शेवटच्या दोन फेऱ्यांत कोटाचं. कोटाचं एक म्हणजे शर्टाची दोन. एकाने लावलं की बाकीच्यांनी तेवढंच लावायचं, नाहीतर पानं टाकायची. एका वेळी एकच!"

"म्हणजे सगळी एकदम नाही लावता येणार?"

"सगळी बटणं एकदम लावून कुणी शर्ट शिवतं का, जावईबापू?"

पहिल्याच डावात जावईबापूंकडे दुर्री आणि सत्ती आली. वा! हूल द्यायला याहून चांगली पानं कुठली! शेवटच्या फेरीत त्यांनी बंगला विकायला काढल्याच्या थाटात कोटाचं बटण पुढे सरकवलं. मेहुण्याने पानं टाकली. बायकोनेही टाकली. सासूबाईंनी मात्र कोटाचं बटण लावलं.

"आई, विचार करा हं. माझी पानं जबरदस्त आहेत!"

"असतील की! पण शर्टाच्या दोन बटणांत बघायला मिळतायत, तर रात्रभर हुरहूर कशाला लावून घेऊ?"

सासूबाईंकडे नुसती तिर्रीची जोडी होती. तेवढी पुरली! पुढच्या डावात तेच. त्याच्या पुढच्यातही तेच. जावईबापू डोळे वटारून बघत, सासूबाई हसून बघत, आणि बटणं टेबलापलीकडे जात.

चहा करताना बायकोने त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, दोन बटणांना कोण घाबरतं? इथे हूल चालत नाही. पानं असतील तर लाव, नाहीतर टाक."

जावईबापूंना एकदम पटलं. चहानंतर ते अगदी शहाण्यासारखे बसले.

पण सासूबाईंना आता रंग चढला होता! "जरा मजा येऊ दे. शेवटच्या दोन फेऱ्यांत ओव्हरकोटाचं बटण. त्याची किंमत शर्टाची दहा बटणं!"

झालं! सुरुवात स्वस्त, शेवट महाग. बाकीचे शर्टाच्या बटणात मजेत टेबलावरची पानं बघायचे आणि जमलं नाही तर निघून जायचे. जावईबापू मात्र आधीच पानं टाकत होते. त्यांनी गुलाम-दस्सी टाकली, आणि टेबलावर उघडली गुलाम, गुलाम, दस्सी! त्यांना रडूच यायचं बाकी होतं.

मग एकदा राणीची जोडी घेऊन ते टिकले, तर मेहुण्याने ओव्हरकोटाचं बटण ठेवलं. शर्टाची दहा बटणं! जावईबापूंनी घाबरून राण्या टाकल्या. मेहुण्याने हसत पानं उघडून दाखवली. चव्वी आणि नव्वी, कशाशी काही जुळत नव्हतं!

"तुला हूल कशी चालते रे?" जावईबापू ओरडले.

"भाऊजी, आता बघायला महाग पडतं ना!"

शेवटचा डाव. जावईबापूंच्या हातात दोन राजे. टेबलावर पहिल्याच तीन पानांत आणखी दोन राजे! चार राजे! हा एक डाव नीट भरला की कमर वाचली. तिसरी फेरी येताच त्यांनी ओव्हरकोटाचं बटण ठेवलं.

मेहुण्याने पानं टाकली. बायकोने टाकली. सासूबाईंनीही टाकली.

"आई! बघा ना! हुरहूर लागेल!"

"नको बाई. मघापासून तुम्ही ओव्हरकोटाचं एकदाही लावलं नाही, आता लावताय म्हणजे असणारच. दहा बटणांची हुरहूर मला परवडत नाही."

चार राजांवर जावईबापूंना मूठभर शर्टाची बटणं मिळाली. मेहुण्याचा ढीग तरीही मोठाच राहिला. सगळे पोट धरून हसले, आणि शेवटी जावईबापूही हसले, कमरेवर हात ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कपाट अडलं. खालच्या टोकाशी जावईबापू लालबुंद झाले होते. वरून सासूबाईंनी काळजीने वाकून पाहिलं.

"फार जड आहे का हो, जावईबापू?"

आता मेहुण्यासमोर हार मानायची? जावईबापूंनी डोळ्यांची पापणीही न हलवता सांगितलं, "छे! कापूस आहे, कापूस!"

सासूबाईंनी त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं बाई! मग शिवणयंत्रही तुम्हीच आणा."

दोन दिवसांत जावईबापूंची तेवढी एकच हूल चालली!