रोटाचा नियम

माणूस सार्वभौम आहे की नाही, हे त्याच्या खिशातला फोन कोणाचं ऐकतो यावरून ठरतं. शिंदखेड्याकडच्या चिंचझिरा गावात हे सत्य परिपत्रकातून पोचलं. देशाची माहिती देशातच राहावी, असा त्याचा आशय होता. (उरलेली चार पानं प्रती कोणाकोणाला पाठवल्या याची होती.)

सरपंच तोताराम आबांना विषय एका वाचनात कळला, कारण त्यांच्या घरी दर श्रावणात कानबाई देवी बसते. कानबाईच्या रोटाचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळीचा, नियम गावात सगळ्यांना पाठ: रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, उरला तर पुरायचा. माहिती म्हणजे रोटच, असा ठराव एकमताने झाला. देशाची देशात, म्हणून जिल्ह्याची जिल्ह्यात, म्हणून गावाची गावात. या तर्कात कोणी चूक काढली नाही. चूक हीसुद्धा माहितीच, आणि ती सांगायला नमुना पाच भरावा लागे.

गावचा सर्व्हर पंचायतीच्या ओट्यावर, माठाच्या तिवईवर बसवला आणि उन्हाने तापू नये म्हणून त्याला ओला गोणपाट गुंडाळला. पहिल्याच महिन्यात सकाळच्या शुभेच्छांचे १,४१२ संदेश वेशीवर अडवण्यात आले. चौकशीअंती नऊ सोडले, बाकीचे नियमाप्रमाणे पुरले. (कसे पुरले ते ग्रामसेवक योगराज यांनाच ठाऊक. खड्डा मात्र दिसतो.) गाव खूश होतं. पूर्वी आपलं बोलणं कोण ऐकतं ते कळत नसे; आता ऐकणारा संध्याकाळी चहाला येई आणि राहिलेलं विचारून घेई.

अडचण झाली ती फक्त पुष्पाबाईंची. गावच्या पोस्टातला एकुलता एक फोन त्यांनी सव्वीस वर्षं सांभाळलेला. आता जामनेरला दिलेल्या नातीच्या, मयुरीच्या बाळाचं रविवारी अकराला बारसं होतं. खुब्याचं हाड मोडल्यापासून पुष्पाबाईंना काठीवर पंचायतीपर्यंत जाता येई, जामनेरपर्यंत नाही. घरातल्या प्रत्येक बाळाचा पाळणा आजवर त्यांनीच म्हटलेला, म्हणून हाही फोनवरून का होईना, त्याच म्हणणार होत्या. पाळणा गावाबाहेर पाठवण्याचा त्यांचा अर्ज नामंजूर झाला. त्या काठी टेकत पंचायतीत गेल्या.

"आक्का, मयुरीनं लगीन हुयी गयं," आबा म्हणाले. "ती आते बाहेरनी शे. रोट दिधा का तिले?"

"रोट नही दिधा. पाळणा ते देसू ना."

"पाळणामा बाळनं नाव, मायनं नाव, घरनं नाव. बठ्ठी माहितीच शे."

पुष्पाबाई बाकावर ऐसपैस बसल्या. "बरं. मंग गावनी माहिती गावमाच वाचूत. मना डोकामा सव्वीस वरीसना फोन शेतस. सत्त्याऐंशी साल, पौष महिना. तोताराम नावना एक जवान गडी दर मंगळवारे शिरपूरले फोन लावे..."

"कोणता तोताराम?" योगराजांनी पेन उघडलं.

शिक्का आबांनी स्वतः मारला. शाई वाळावी म्हणून फुंकरही त्यांनीच घातली. चार मिनिटं मंजूर.

रविवारी अकराला पुष्पाबाईंनी डोळे मिटून पाळणा म्हटला. आवाज जरा कापला, पण एकही कडवं गळलं नाही. चौथ्या मिनिटाला, शेवटच्या कडव्यात, बाळाचं नाव आलं आणि जामनेरच्या मांडवातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे मयुरी डोळे पुसत होती. (हे पंचायतीच्या माहिती समितीने 'इतर' या रकान्यात घेतलं.) समितीची नोंद अशी: गावाबाहेर गेलेली माहिती, एक. जिथे गेली तिथेच थांबली.

ती मात्र थांबली नव्हती. मांडवात बेचाळीस फोन वर धरलेले होते. बुधवारपर्यंत पाळणा अकरा देश फिरून चिंचझिऱ्याच्या वेशीवर परत आला आणि परदेशी म्हणून अडवला गेला.

योगराजांनी माग काढला. पाळणा कोणाकोणाकडून पुढे गेला त्याची यादी आता पंचायतीच्या फळ्यावर लावली आहे. एकशे सातवं नाव तुमचं आहे. तुम्ही अंगठा दाखवून, हात जोडून, सात जणांना पाठवलात. पाळणा चार मिनिटांचा; तुम्ही ऐकलात अकरा सेकंद.

तुमच्यावर कारवाई करायची नाही, असं पुष्पाबाईंनी समितीला बजावलं आहे. त्यांनी तुम्हाला फक्त एक विचारायला सांगितलं आहे: बाळाचं नाव काय ठेवलं?